घासाघीस

घासणं हा माझा धंदाच.
साठ नंबरचा कागद, मग एकशेवीस, मग दोनशेवीस,
फणसाचं लाकूड
हळदीच्या पाण्यासारखं दिसेपर्यंत.
भावात घासणं मात्र मला जमत नाही.
बायको म्हणते, तुम्हांला बाजारात
मिरच्यासुद्धा सांगितल्या भावानंच मिळतात.

तरी गेलो म्हापशाला.
शुक्रवार, डिचोलीहून बस खच्चून भरलेली,
मांडीवर गिटारचं धड, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं.
शेजारची म्हणाली, मूर्ती का हो?
म्हटलं, होय. डोळे बसवायचे राहिलेत.

कायतानचं दुकान बाजारामागच्या चढावर.
खालून सुक्या सुंगटांचा वास,
वर छताला टांगलेली बिनतारांची व्हायोलिनं.
त्यानं एका खोक्यातून एकेक काढून काचेवर मांडलं :
ब्रिज. सहा खुंट्या. दोन पिकअप.
सगळं डावखुरं,
कारण मुळगावची उल्का डावखुरी आहे
आणि उजवी गिटार उलटी धरून वाजवताना
आवाजाची बटणं लागून लागून
तिच्या हाताला घट्टा पडलाय.

"चार हजार सातशे."
"चार."
तो हसलासुद्धा नाही.
"खोक्यावर धूळ बघा. किती वर्षं पडून आहे?"
"नऊ."
"मग? नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि..."
"धुळीचे पैसे लावले नाहीत, बाब."

मी दुसरा रंधा काढला.
रोख देतो. पुढच्या गिटारचं सामानही तुमच्याकडूनच.
(पुढची गिटार कुणी सांगितलेलीच नाही.)
मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगून बसलो,
पोरीचा बाप खाणीवर ट्रक चालवायचा,
ट्रक आता दारात आहे, चाकांत गवत.

"खाण मी बंद केली नाही,"
कायतान म्हणाला. त्याचंही खरं.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
त्यानंच लुगडं सोडलं.
बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं लाकूड, दार वाजवावं तसं.
"फणस?"
"देवळाच्या आवारातला. वाऱ्यानं पडलेला."
"आणि ही काळी पट्टी?"
"शिसव. चांदरच्या एका पलंगाचा पाय."
"पलंग आता तीन पायांवर?"
"नाही. चौथा मीच करून दिला. सागाचा."
तेवढ्यावर मात्र तो हसला,
ब्रिज लाकडावर ठेवून बघायला
त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला,
डाव्या हातानं.

मी बघतोय हे त्यानं बघितलं.
"पोर्तुगेज शाळेत मास्तर
फूटपट्टी उभी धरून मारायचा. धारेनं.
लिहितो उजव्यानं."
स्क्रू फिरवत राहिला. बाकीचं काय काय
कुठल्या हातानं करायचं राहिलं, ते बोलला नाही.

"हा सेट कुणासाठी मागवला होता?"
त्यानं खोक्यावर फुंकर मारली.
धूळ माझ्याच तोंडावर आली.

बिल लिहिताना त्यानं पेन हातात घेतलं,
थांबलं, दुसऱ्या हातात घेतलं.
पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं,
ओळ डोंगर चढत गेलेली.
ह्या चढावरचे सगळे म्हातारे
सातच्या पोटातून आडवी रेघ काढतात,
एकाशी गल्लत नको म्हणून.
कायतानही काढतो. मागची बिलं आहेत माझ्याकडे.

ह्या बिलात : चार,
मग एक काठी, वरचं टोक जरा झुकलेलं,
मग दोन शून्यं.

मी शंभराच्या एक्केचाळीस नोटा मोजल्या.
त्यानं त्या पुन्हा मोजल्या, थुंकी लावून, सावकाश.
खण उघडला. खण लावला.
"पोरीला सांग, खुंट्या हळू पिळ," म्हणाला.

घरी बायकोनं विचारलं, कितीला कमी केलं?
म्हटलं, एक रेघ.
तिला वाटलं मी थट्टा करतोय.
आणि दोनशेवीसचा कागद
आणायचा राहिलाच.